फोटो कुठेही न पाठवता ब्राउझरमध्येच फॉरमॅट कसा बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधार कार्डाचा फोटो, सहीचा कागद, दहावीची मार्कशीट, घरातल्या लहान मुलांचे फोटो. फॉर्म भरताना किंवा कुणाला काही पाठवताना यांचा फॉरमॅट बदलावा लागतो आणि बहुतेक जण शोधल्यावर जी पहिली साइट दिसेल तिथे फाइल टाकून मोकळे होतात. खरं तर हे काम फाइल कुणाच्याही सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, न पाठवता आपल्याच मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये होतं. ते कसं होतं, कुठे अडतं आणि साइट खरं सांगते आहे की नाही हे स्वतः कसं तपासायचं, याबद्दल लोक जे नेहमी विचारतात त्याची ही उत्तरं.

साइटवर फाइल निवडली म्हणजे ती अपलोड झालीच ना?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. तुम्ही फाइल निवडता किंवा ओढून पानावर सोडता तेव्हा त्या पानातल्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानासोबत आलेल्या प्रोग्रॅमला, ती फाइल वाचायची मुभा मिळते, एवढंच. ती पुढे इंटरनेटवरून कुठे पाठवायची की इथल्या इथे वाचून काम उरकायचं, हे पान बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. दोन्ही प्रकारच्या साइट्स दिसायला अगदी सारख्या असतात. फाइल जागची न हलवणाऱ्या साइटच्या बटणावरही सवयीने ‘अपलोड’ लिहिलेलं असतं, आणि ‘पूर्णपणे सुरक्षित’ असं ठळक अक्षरात लिहिणारी साइट फाइल सर्व्हरवर नेत असू शकते. एक वाक्य मात्र नीट वाचा : ‘तुमची फाइल काही तासांत आपोआप डिलीट होते.’ याचा अर्थ फाइल त्यांच्याकडे जाते. गेलीच नसती तर डिलीट करायची वेळच आली नसती.

मग सर्व्हर नसताना रूपांतर करतं कोण?

तुमचा ब्राउझर. रोजच्या वेबपानांवर जेपीईजी (म्हणजेच जेपीजी), पीएनजी, जीआयएफ, वेबपी असे फोटो असतातच, त्यामुळे हे फॉरमॅट उलगडायची यंत्रणा ब्राउझरमध्ये आधीपासून असते. पान तुमची फाइल मेमरीत घेतं, ब्राउझर ती उलगडून एकेक पिक्सेल मोकळा करतो, ते पिक्सेल ‘कॅनव्हास’ नावाच्या न दिसणाऱ्या पाटीवर उमटतात आणि मग पान ब्राउझरला सांगतं की आता हेच जेपीईजी म्हणून बांधून दे. तयार झालेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये येते. ‘डाउनलोड’ हा शब्द इथेही फसवा आहे, कारण ती कुठूनही उतरलेली नसते. मेमरीतून डिस्कवर लिहिली गेलेली असते.

ब्राउझरला जे फॉरमॅट येत नाहीत त्यांच्यासाठी वेबअसेम्ब्ली वापरतात. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले जुने, मुरलेले प्रोग्रॅम ब्राउझरच्या आत चालवायची ही सोय २०१७पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. आयफोनचे फोटो उघडणारी ‘लिबहाइफ’ ही लायब्ररी अशीच ब्राउझरमध्ये चालते. गुगलच्या क्रोम टीमने २०१८ मध्ये काढलेलं ‘स्क्वूश’ हे या पद्धतीचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो.

साइट खरंच फाइल पाठवत नाही हे मला, कोडिंग न येणाऱ्याला, कसं कळणार?

कळतं, आणि पाच मिनिटांत कळतं. दाव्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

पहिली चाचणी नेट बंद करण्याची. ब्राउझरची खाजगी विंडो, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडा. त्यात साइट पूर्ण लोड होऊ द्या. एखादा बिनमहत्त्वाचा फोटो, झाडाचा, भिंतीचा, घेऊन एकदा रूपांतर करून बघा. ही पायरी गाळू नका : बऱ्याच साइट्स रूपांतराचा भारी भाग पहिल्या वापराच्या वेळी मागवतात, त्यामुळे ती न करता नेट बंद केलं तर प्रामाणिक साइटही अडते आणि उगाच संशय येतो. आता वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा, किंवा मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका (वाय-फाय वेगळं बंद झालंय ना हे बघा, काही फोनवर ते सुरूच राहतं). मग दुसरा फोटो टाका. रूपांतर झालं तर काम तुमच्याच मशीनवर झालं. गोल गोल फिरत राहिलं किंवा ‘नेटवर्क एरर’ आला तर साइट सर्व्हरवर अवलंबून आहे.

यात एक फट राहते. पान आत्ता फाइल धरून ठेवून नेट परत आल्यावर पाठवू शकतं. म्हणून खरी कागदपत्रं असतील तेव्हा क्रम असा ठेवा : खाजगी विंडोत पान लोड करा, नेट बंद करा, काम करा, तयार फाइल सेव्ह झाल्याची खात्री करा, खाजगी विंडो पूर्ण बंद करा, मगच नेट चालू करा. विंडो बंद झाली की मेमरीतली फाइलही जाते आणि पाठवणारं कुणी उरत नाही.

दुसरी चाचणी लॅपटॉपवर करायची. एफ१२ दाबा, उघडलेल्या भागात ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि मग फोटो टाका. पानाने बाहेर केलेली प्रत्येक मागणी तिथे ओळीने दिसते. तुमचा फोटो ४ एमबीचा असेल आणि ‘पोस्ट’ किंवा ‘पुट’ प्रकारची, तेवढ्याच वजनाची एखादी ओळ उमटली तर फाइल गेली. जाहिराती आणि भेटी मोजणाऱ्या स्क्रिप्टच्या छोट्या ओळी दिसतील. त्यात फोटो नसतो, पण तुम्ही तिथे आलात ही नोंद असते. ज्या पानावर अशी एकही ओळ नाही ते पान मला जास्त पसंत.

ज्यांना थोडं तांत्रिक कळतं त्यांनी पानाची ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ बघावी. पान कुठे जोडू शकतं हे त्यात मर्यादित केलेलं असेल तर नियम ब्राउझर स्वतः पाळायला लावतो, तिथे बनवणाऱ्याच्या शब्दाचा प्रश्न उरत नाही.

पण सर्व्हरवर गेली तर असं काय बिघडतं?

मांजराचा फोटो असेल तर काहीच नाही. सगळ्या सर्व्हरवाल्या साइट्स वाईट असतात असंही नाही. पण फोटो, सही, अंगठ्याचा ठसा आणि आधार या चार फाइली एकाच बैठकीत एकाच अनोळखी ठिकाणी देणं म्हणजे आपली अख्खी ओळख देणं, आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी लोक नेमकं तेच करतात. २०२३ मध्ये भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, पण साइट कुणाची, कोणत्या देशातली हेच माहीत नसेल तर दाद कुणाकडे मागणार? अमेरिकेत एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये फुकट फाइल कन्व्हर्टरबद्दल जाहीर इशारा दिला होता : काही साइट्स मागितलेलं रूपांतर करून देतात, पण मिळालेल्या फाइलसोबत मालवेअर येतो आणि दिलेल्या फाइलमधली माहितीही उपसली जाते.

आधारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आयफोनचे फोटो फॉर्मवर चढत नाहीत. काय करू?

२०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवतात. जागा साधारण निम्मी लागते, पण सरकारी पोर्टल्स, जुनं विंडोज आणि क्रोमसुद्धा तो उघडत नाहीत. सफारी आवृत्ती १७पासून उघडते.

यापुढचे फोटो थेट जेपीईजी हवे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. आधीच काढलेल्या फोटोंसाठी साइटचीही गरज नाही : फोटो ‘फाइल्स’ ॲपमध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, क्विक ॲक्शन्समधून ‘कन्व्हर्ट इमेज’ घ्या. आयओएस १६पासून ही सोय फोनमध्येच आहे. मॅकवर फाइंडरमध्ये राइट क्लिक केल्यावरही हेच मिळतं.

लॅपटॉपवर विंडोज आहे आणि फोटो एचईआयसीत येऊन पडलेत, अशा वेळी मात्र ब्राउझरमधला कन्व्हर्टर खरा उपयोगी. कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपने पाठवून परत घ्यायला सांगेल. त्याने जेपीईजी मिळतो हे खरं, पण व्हॉट्सॲप फोटो चांगलाच दाबतं, आणि मार्कशीटवरचे आकडे पुसट झाले तर तपासणीत अर्ज परत येतो.

फक्त फाइलचं नाव बदलून .जेपीजी केलं तर?

फॉरमॅट नावात नसतो, फाइलच्या पहिल्या काही बाइट्समध्ये असतो. पीएनजी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीलाच रोमन लिपीत पीएनजी ही तीन अक्षरं दिसतील, नाव काहीही असो. काही प्रोग्रॅम नाव न बघता आत डोकावतात म्हणून फोटो उघडतो आणि आपल्याला वाटतं जमलं. पोर्टल आत डोकावतं आणि ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणतं.

उलटी फसगतही होते. कॅनव्हासला न येणारा फॉरमॅट मागितला तर नियमानुसार तो पीएनजी देतो, तक्रार न करता. सफारी वेबपी दाखवते, पण तिच्या अनेक आवृत्त्या कॅनव्हासवरून वेबपी बनवत नाहीत; एव्हीआयएफ या नव्या फॉरमॅटच्या बाबतीत क्रोमचंही तेच. साइट बनवणाऱ्याने हे तपासलं नसेल तर नावाला वेबपी आणि आत पीएनजी, अशी मूळ फोटोपेक्षा कितीतरी जड फाइल हाती पडते. रूपांतरानंतर वजन अचानक तिप्पट झालेलं दिसलं तर हेच झालं असण्याची शक्यता मोठी.

कोणत्या कामाला कोणता फॉरमॅट?

माणसांचे, निसर्गाचे फोटो जेपीईजीत. १९९२चं हे मानक आजही सगळीकडे चालतं. स्क्रीनशॉट, लोगो, अक्षरं असलेली चित्रं पीएनजीत. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतो. चेहऱ्यावर ते कळत नाही, पण अक्षराच्या कडेला धुरकट डाग उठतात. देवनागरीत शिरोरेखेखालची आणि वरच्या मात्रांभोवतालची जागा आधी भरून जाते, अनुस्वार तर गायबच होतात. शिवाय जेपीईजी रंगांची माहिती सहसा निम्म्या बारकाव्याने साठवतो, म्हणून दाखल्यावरचा लाल शिक्का काळ्या अक्षरांच्या आधी बिघडतो. दाखला स्कॅन करून जेपीईजीच द्यायचा असेल तर क्वालिटी ८५च्या खाली नेऊ नका, माप कमी करा.

स्वतःच्या वेबसाइटसाठी वेबपी चांगला, एव्हीआयएफ त्याहून हलका, पण बनवायला वेळ लागतो. फॉर्मसाठी दोन्हीच्या वाटेला जाऊ नका.

बँकेच्या फॉर्मला २० ते ५० केबीच फोटो हवा. कसा आणायचा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींमध्ये मापं अशी दिलेली असतात : फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४०, २० ते ५० केबी, हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ८०० × ४००, ५० ते १०० केबी. तुमच्या वर्षीच्या जाहिरातीत बदल झालाय का हे बघूनच पुढे जा. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मला चौकोनी जेपीईजी लागतो, ६०० ते १२०० पिक्सेल आणि जास्तीत जास्त २४० केबी.

क्रम महत्त्वाचा. आधी क्रॉप करा, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण बरोबर येईल. मग पिक्सेल कमी करा. क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो तसाच ठेवून नुसती क्वालिटी खाली ओढत ५० केबीपर्यंत नेला तर चेहऱ्याचे चौकोन पडतात. तोच फोटो आधी २०० × २३० केला की उत्तम क्वालिटीतही सहज ५० केबीच्या आत बसतो. ‘अमुक केबीत आणून द्या’ असं सांगता येणारे कन्व्हर्टर आतून वेगवेगळ्या क्वालिटीवर फाइल बनवून बघतात आणि मर्यादेच्या सगळ्यात जवळची तुम्हाला देतात.

अडचण बहुतेकदा सहीची असते, आणि तीही उलट्या बाजूची. १४० × ६० म्हणजे जेमतेम ८४०० पिक्सेल, त्यात पांढरा कागदच जास्त. फाइल ४-५ केबीची होते आणि पोर्टल म्हणतं किमान १० हवेत. तेव्हा क्वालिटी १००वर न्या. तरी भरलं नाही तर प्रमाण तेच ठेवून २८० × १२० करा. सहीचं ते माप ‘शक्यतो’ म्हणून दिलेलं असतं, केबीची मर्यादा मात्र मशीन तपासतं. सही जाड, काळ्या शाईच्या पेनाने केली तर ती लहान मापातही टिकते.

फॉर्ममध्ये २०० डीपीआय लिहिलंय. तो कुठे बदलायचा?

डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हा फाइलमध्ये नोंदवलेला एक आकडा आहे. तो ७२वरून ३००वर नेल्याने फोटोत एक पिक्सेलही वाढत नाही. स्कॅन करताना आणि छापताना त्याला अर्थ असतो. ३.५ × ४.५ सेंमीचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयने छापायचा तर साधारण ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ऑनलाइन फॉर्मला पिक्सेल आणि केबी बघा.

जेपीजीचा पीएनजी केला तर फोटो स्पष्ट होतो का?

होत नाही. जेपीईजीने जे टाकून दिलं ते परत येत नाही. पीएनजी उरलेलं जसंच्या तसं जपतो, तेही कैकपट वजनात. आणि जेपीईजी उघडून पुन्हा जेपीईजीत साठवणं ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे, प्रत्येक वेळी थोडं जातं. म्हणून सगळे बदल मूळ फाइलवरून एकदाच करा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

लोगोचा पीएनजी होता, जेपीजी केल्यावर मागचा भाग काळा झाला!

पीएनजीमध्ये पारदर्शक भाग असू शकतो, जेपीईजीत नाही. कॅनव्हासवरून जेपीईजी बनवताना पारदर्शक जागी काळा रंग भरायचा, असा वेबच्या मानकातच नियम आहे. चांगला कन्व्हर्टर आधी पांढरा थर देतो किंवा रंग विचारतो. तसा पर्याय नसेल तर साइट बदला, फाइलमध्ये दोष नाही.

फोटोतून माझ्या घराचा पत्ता कळतो हे खरं का?

लोकेशन चालू ठेवून काढलेला असेल तर हो. मोबाइलचा कॅमेरा फोटोसोबत एक्झिफ नावाचा माहितीचा तुकडा जोडतो : तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश. अँटिव्हायरसमुळे नाव झालेला जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत होता. एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो टाकला आणि त्यातल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. आपल्यामागे पोलीस नसतात, पण ओएलएक्सवर सोफा विकताना घरात काढलेला फोटो, किंवा मुलीचा शाळेच्या दारातला फोटो, हेच सांगत असतो.

कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतून एक्झिफ निघून जातं, कारण कॅनव्हासला फक्त पिक्सेल कळतात. ब्राउझरमधल्या रूपांतराचा हा मोठा फायदा, आणि फार कमी लोक तो जाणून असतात. वेबअसेम्ब्लीवर चालणारे काही कन्व्हर्टर मात्र एक्झिफ मुद्दाम जपतात, म्हणून एकदा तपासा : विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आयफोनवर फोटोखालचं ‘आय’ चिन्ह. जीपीएसचे आकडे दिसले नाहीत की झालं.

याची दुसरी बाजू अशी की तारीखही जाते. रायगडाच्या सहलीचे जुने फोटो रूपांतर करून परत गॅलरीत टाकले तर ते आजच्या तारखेखाली जाऊन बसतील. घरच्या अल्बमचे फोटो असतील तर एक्झिफ जपणारा पर्याय घ्या. लोकांना द्यायचे असतील तर काढणारा.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही माहिती निघते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळं तसंच जातं.

रूपांतरानंतर फोटो आडवा का होतो?

फोन उभा धरून काढलेला फोटो आत बहुतेकदा आडवाच साठलेला असतो, सोबत ‘फिरवून दाखवा’ अशी एक्झिफमध्ये खूण असते. जुन्या साधनांनी खूण पुसली आणि पिक्सेल फिरवले नाहीत की मान वाकडी. २०२०पासूनचे ब्राउझर खूण बघून आधी फिरवतात, मग कॅनव्हासवर उमटवतात. पोर्टलवर फोटो आडवा दिसत असेल तर तो एकदा ब्राउझरमधल्या कन्व्हर्टरमधून जेपीईजी ते जेपीईजी काढा, बहुतेकदा तेवढ्याने सुटतो.

रंग फिके का पडतात?

आयफोन रंगांची मोठी श्रेणी, डिस्प्ले पी३, वापरतो. कॅनव्हास सहसा एसआरजीबी या त्याहून लहान श्रेणीत काम करतो. ब्राउझरने नीट बदल केला तर झेंडूचा केशरी किंवा पैठणीचा गडद हिरवा किंचित शांत होतो, बाकी फरक जाणवत नाही. सगळा फोटोच मळकट दिसला तर कन्व्हर्टरने रंगांची नोंद न बदलता नुसतीच टाकून दिलेली आहे. छपाईला जाणाऱ्या फोटोंसाठी ब्राउझरवर विसंबू नका, ते काम प्रेसवाल्याकडे मूळ फाइल देऊन करा.

आधारचा क्रमांक झाकून किंवा कडा कापून पाठवला तर सुरक्षित ना?

कशाने झाकला त्यावर आहे. मोबाइलच्या हायलायटरने दोन-तीनदा गिरवलेला काळा रंग अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. भरीव चौकोन ओढा. धूसर करण्यापेक्षा पूर्ण झाकणं बरं.

कापण्याबद्दल २०२३ मध्ये एक मोठी गोष्ट उघड झाली. गुगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात कापलेला स्क्रीनशॉट जुन्याच फाइलवर लिहिला जाई, आणि नवी फाइल लहान असल्याने जुन्या फाइलचं शेपूट मागे तसंच राही. त्यातून कापलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता. या दोषाला ‘ॲक्रोपलिप्स’ असं नाव पडलं. काही कॅमेऱ्यांच्या फोटोत एक्झिफच्या आत छोटी प्रतही असते, ती न कापलेली राहू शकते. कॅनव्हासमधून नवी फाइल बांधली की शेपूट आणि छोटी प्रत दोन्ही मागे राहतात, कारण नवी फाइल फक्त दिसणाऱ्या पिक्सेलवरून बनते. म्हणून झाकल्यावर आणि कापल्यावर एकदा रूपांतर करून मगच पाठवा.

एकदम शंभर फोटो टाकले की टॅब बंद पडतो.

डिस्कवर ३ एमबीचा दिसणारा फोटो उलगडल्यावर तेवढा राहत नाही. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ४०३२ × ३०२४ चा साधा आयफोन फोटो मेमरीत सुमारे ४९ एमबी होतो, ४८ मेगापिक्सेलचा जवळपास १९५ एमबी. मोबाइलवर दहा-दहाच्या गठ्ठ्याने करा. जुन्या आयफोनवर कॅनव्हासची मर्यादा १ कोटी ६७ लाख पिक्सेलच्या आसपास आहे, त्यापुढे चित्र कोरं येतं. अशा वेळी लॅपटॉप घ्या.

लग्नपत्रिकेच्या एसव्हीजीचा पीएनजी केला, तर मराठी अक्षरांचा फॉन्टच बदलला.

एसव्हीजीत अक्षरं चित्र म्हणून नसतात, मजकूर आणि फॉन्टचं नाव असतं. ब्राउझर अशा फाइलला चित्र म्हणून उघडतो तेव्हा तिला बाहेरून काहीही मागवू देत नाही, फॉन्टही नाही. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल तर हाताशी असलेला दुसरा लागतो आणि ओळी सरकतात, जोडाक्षरं वेगळी दिसतात. डिझाइन करणाऱ्याला सांगा की मजकुराचं रूपांतर आउटलाइनमध्ये करून एसव्हीजी द्या. मग तो कुठेही तसाच दिसेल.

फोटोंची पीडीएफही अशीच होते का?

होते. जेपीईजी फाइल पीडीएफमध्ये जशीच्या तशी बसते, पुन्हा दाबावी लागत नाही. त्यामुळे आधी फोटो नीट लहान करा, मग पीडीएफ बांधा.

यासाठी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकू का?

शक्यतो नको. साध्या पानाला तुम्ही दिलेली फाइलच दिसते. एक्स्टेन्शनला बहुतेकदा तुम्ही उघडाल ती सगळी पानं वाचायची परवानगी लागते, बँकेचंही.

सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात हे सगळं चालेल?

रूपांतर चालेल, पण धोका तिथे वेगळा असतो. फाइल इंटरनेटवर गेली नाही तरी त्या संगणकावर राहते. डाउनलोड फोल्डरमधल्या फाइली शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये पडत नाहीत. पेन ड्राइव्हवरून डेस्कटॉपवर ओढलेली प्रत शोधा. व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर आपल्या मोबाइलवरच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तिथूनच लॉग आउट करा. जमत असेल तर फोटो आणि सही घरून मोबाइलवर तयार करून न्या. केंद्रावर फक्त चढवायचं काम ठेवा.